तळघरातला बारमाही ऑक्टोबर

प्रतिकृती-रेल्वे, म्हणजे खऱ्या आगगाडीची इंजिने, डबे, रूळ, स्थानके आणि भोवतालचा मुलूख ठरावीक प्रमाणात लहान करून चालत्या स्थितीत मांडण्याचा छंद, हा सामान्यतः यंत्रविद्या, सुतारकाम आणि लांबलेले बालपण या तीन मथळ्यांखाली अभ्यासला जातो. परंतु या छंदाचे मूळ हवामानात आहे, याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. खेळण्यातल्या आगगाडीला प्रमाणित रुंदीचे आणि जोडून वाढवता येणारे रूळ देण्याचे श्रेय ज्या मेर्क्लिन कंपनीला दिले जाते, आणि जिने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ही पद्धत मांडली, ती दक्षिण जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावची. ‘मॉडेल रेलरोडर’ हे या छंदाचे मासिक जानेवारी १९३४ मध्ये आणि अमेरिकेतील छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये जन्माला आली ती मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहरात. आणि एमआयटीतील ज्या विद्यार्थी-मंडळाने टेलिफोन यंत्रणेच्या जुन्या सामानावर आपली रेल्वे चालवता चालवता संगणक-हॅकरांची पहिली पिढी घडवली, ते मंडळ १९४६ मध्ये बॉस्टनच्या शेजारच्या केंब्रिजमध्ये निघाले. या तिन्ही ठिकाणी डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, बाहेर पाऊल टाकायचे तर अंगावर कपड्यांचे चार थर चढवावे लागतात, आणि जेवणाचा वेळ वजा केला तरी झोपेपर्यंत पाच-सहा तास उरतात. त्या तासांचे काय करावे हा प्रश्न जर्मनांनी प्रथम तत्त्वज्ञानाने सोडवून पाहिला. रूळ त्यानंतर आले.

या सिद्धांताला कॅलिफोर्नियाने छेद दिला आहे, हे येथेच नोंदवून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरेल. विसाव्या शतकात या छंदावर सर्वांत खोल ठसा उमटवणारे जॉन ॲलन हे सौम्य हवेच्या मॉन्टेरी गावी राहत, आणि त्यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाच्या घरगुती रेल्वेत शंटिंगचे, म्हणजे डबे पुढे-मागे ढकलून लावण्याचे काम इंजिनाच्या जोडीने एमा नावाच्या स्टेगोसॉरस जातीच्या डायनासोरकडेही असे. तसेच गायक रॉड स्टुअर्ट यांची विशाल प्रतिकृती-रेल्वे लॉस एंजेलिसच्या घरात उभी राहिली, आणि गाण्याच्या दौऱ्यावर असताना इमारतींच्या प्रतिकृती बनवण्यासाठी ते हॉटेलात वेगळी खोली घेत. मात्र ज्या सिद्धांताला ठळक अपवाद म्हणून एक डायनासोरवाला आणि एक रॉक गायक एवढेच सापडतात, तो सिद्धांत टिकाऊ मानण्यास हरकत नसावी.

शिवाय थंडी छंदाला केवळ वेळ देते असे नाही, ती जागाही देते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन तीन-चार फूट खोलपर्यंत गोठते, गोठलेली जमीन फुगून घर उचलू शकते, आणि म्हणून घराचा पाया त्या गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. आता एवढे खणलेच आहे तर आणखी थोडे खणून एक अख्खा मजला का मिळवू नये, या हिशेबी विचारातून तळघर निर्माण झाले. तेथे प्रथम भट्टी, मग कपडे धुण्याचे यंत्र, मग एकमेकांवर रचलेली खोकी आणि अखेरीस लेआउट येतो, म्हणजे टेबलवजा लाकडी सांगाड्यावर उभारलेला रूळ, डोंगर, नद्या आणि गावे यांचा संपूर्ण पसारा, जो पुढील वीस वर्षांत वरील क्रमातील आधीच्या तिन्ही वस्तूंना कोपऱ्यात रेटत नेतो. (न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या तळघरांत ही जागा बहुधा गणपतीच्या मखराने आणि भारतात न्यायच्या बॅगांनी आधीच अडवलेली असते.)

अशा तळघरात शनिवारी जमणाऱ्या छांदिष्टांच्या, बहुतेक निवृत्त आणि गुडघ्यांविषयी जागरूक असलेल्या पुरुषांच्या, संभाषणाचा क्रम ठरलेला असतो: आधी हवा, मग हत्यारे, मग कामे. हवेचा भाग स्पर्धात्मक असतो. एकाने आपल्याकडे पहाटे पारा शून्याखाली दहा अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे तेवीस सेल्सिअसवर होता असे सांगितले की दुसरा आपल्याकडे उणे अठरा असल्याचे सांगतो, तिसरा वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा काढतो, आणि सीमेपलीकडच्या कॅनडातून आलेला पाहुणा सेल्सिअसमध्ये बोलून क्षणभर सर्वांना गणितात गुंतवतो. उणे चाळीसवर दोन्ही मापे एकत्र येतात, त्यामुळे तेथे पोहोचलेल्या माणसाशी मात्र कोणालाच वाद घालता येत नाही. यानंतर बर्फ किती इंच पडला, तो फावड्याने उपसला की यंत्राने, आणि महापालिकेच्या नांगराने उपसलेल्या वाटेच्या तोंडाशी पुन्हा ढीग कसा लावून ठेवला, हे येते. ऐकणाऱ्याचा असा समज होतो की ही मंडळी हिवाळ्याने पिचलेली आहेत; प्रत्यक्षात जानेवारी उबदार गेला तर तेच अस्वस्थ होतात, कारण छपराची पन्हळ दुरुस्त करणे, गॅरेज आवरणे आणि नातवंडांना बागेत नेणे या कामांना ‘बाहेर फार थंडी आहे’ हे एकच उत्तर सर्व घरांत मान्य असते आणि ते उत्तर थर्मामीटरच्या सहीशिवाय चालत नाही. हिवाळा ही या छंदाची मंजूर रजा आहे, आणि रजेवरचा माणूस कार्यालयाविषयी जितक्या आदराने कुरकुर करतो तितक्याच आदराने हे लोक बर्फाविषयी करतात.

येथे प्रमाणाचा विचार करणे आवश्यक आहे. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एच-ओ हे असून त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सुमारे सत्त्याऐंशीवा भाग असते. हे प्रमाण ‘खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर’ असे ठरवले गेले, म्हणजे मोजायचे ते इंग्रजी मापात आणि बनवायचे ते फ्रेंच मापात, आणि ही तडजोड मेट्रिक पद्धतीला आजवर दाद न देणाऱ्या अमेरिकेच्या तळघरांनी निमूटपणे स्वीकारली आहे. या हिशेबाने सहा फुटी माणूस एकवीस मिलिमीटर होतो, एक मैल सुमारे एकसष्ट फूट होतो, आणि तीस फुटी तळघराच्या एका भिंतीला जेमतेम अर्धा मैल बसतो, ज्यात दोन पर्वतरांगा, एक नदी, एक कोळशाची खाण आणि तीन काउंट्या बसवायच्या असतात. गाड्यांना वेळापत्रकाप्रमाणे धावता यावे म्हणून तेथे भरधाव घड्याळ वापरतात, जे खऱ्या एका तासात सहा किंवा त्याहूनही अधिक तास पुढे जाते. त्यामुळे संध्याकाळी दोन तासांच्या खेळात रेल्वेची रात्रपाळी होते आणि पहाट उजाडते. बाहेर दोन फूट पडलेल्या ज्या बर्फाने कंबर मोडली, तो या प्रमाणात अवघा सात मिलिमीटर भरतो, आणि ब्रशाच्या एका फटकाऱ्यात झाडता येतो.

तरीही तो तेथे नसतो. छांदिष्टांच्या लेआउटवर बर्फ क्वचितच आढळतो, ही या विषयातील सर्वांत चमत्कारिक बाब आहे. सहा महिने बर्फात राहणारा माणूस पाच महिने खपून जे जग उभे करतो, त्यात ऋतू बहुधा एकच असतो, तो म्हणजे ऑक्टोबर. अर्थात घामाच्या धारा लावणारा महाराष्ट्रातला ऑक्टोबर नव्हे, तर मेपलची पाने लाल-केशरी होऊन गळायच्या बेतात असलेला अमेरिकेच्या ईशान्येकडचा. सालही बहुधा १९५० च्या दशकातले असते, कारण त्या काळात वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच यार्डात उभी राहत आणि त्यामुळे दोन्ही विकत घेण्यास ऐतिहासिक आधार मिळतो; काही काटेकोर मंडळी तर महिना आणि तारीखही ठरवून टाकतात, आणि त्या तारखेनंतर कारखान्यातून निघालेला डबा पाहुण्याने आणला तर त्याला रुळावर चढवण्याआधी खुलासा द्यावा लागतो. बर्फ न दाखवण्याची तांत्रिक कारणे विचारली असता ती भराभर सांगितली जातात: पांढरी भुकटी इंजिनाच्या दंतचक्रांत जाते, तिच्यावर वर्षभराची धूळ बसली की हिमालय पिवळट दिसू लागतो, पर्णहीन झाडाला तारेची फांदी न् फांदी खरी वाटावी अशी वळवावी लागते, आणि मुख्य म्हणजे बर्फाखाली आपण रंगवलेली खडी झाकली जाते. ही सर्व कारणे खरी आहेत. हाम्बुर्गच्या ‘मिनिआटुअर वुंडरलांड’ने, जे २००१ मध्ये सुरू झाले आणि जगातील सर्वांत मोठ्या अशा मांडण्यांत गणले जाते, आपल्या स्कँडिनेव्हियाच्या विभागात उत्तर स्वीडनचा हिवाळा दाखवला आहे, पण तेथे तो झाडायला पगारी माणसे आहेत. खासगी तळघरात, सकाळीच फावडे भिंतीला टेकवून आलेला माणूस संध्याकाळी हौसेने चिमट्याने बर्फ पेरील, ही अपेक्षाच अमानुष म्हटली पाहिजे.

यातील गंमत अशी की बर्फ हटवणारी यंत्रे मात्र त्याच्याकडे असतात. रोटरी, म्हणजे पुढच्या बाजूला माणसाहून उंच फिरते पातेचक्र असलेला आणि मागून इंजिनांनी ढकलायचा बर्फ-नांगर, हे प्रतिकृतींच्या बाजारातले लाडके वाहन आहे. १९५२ च्या जानेवारीत सिएरा नेवाडा पर्वतात ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी २२६ माणसांसह तीन दिवस बर्फात अडकली होती, तो प्रसंग प्रत्येक छांदिष्टाला तोंडपाठ असतो आणि तो सांगून झाल्यावरच नांगराची किंमत सांगितली जाते. नांगर विकत घेतला जातो, त्याच्या पात्यांना मोटर बसवली जाते, आणि मग तो बारमाही ऑक्टोबरात, लालबुंद मेपलखाली, यार्डाच्या शेवटच्या रुळावर कायमचा उभा राहतो.

मराठी वाचकाला या व्यवहाराची जवळची ओळख दिवाळीच्या किल्ल्यामुळे आहे. तेथेही माती, पोती, हळिवाची हिरवळ आणि दरवाज्यापेक्षा उंच मावळा यांतून एक मुलूख उभा राहतो, आणि तेथेही तोफ कोठे ठेवावी यावरून थोरांमध्ये बोलणे बंद होते. फरक एवढाच की मावळ्याच्या उंचीचा हिशेब किल्ल्यावर कोणी मागत नाही. प्रतिकृती-रेल्वेच्या जगात मात्र तो मागणारी एक स्वतंत्र जमात आहे, जिला रिव्हेट-मोजे म्हणतात, म्हणजे खऱ्या टाकीच्या पत्र्यावर किती रिव्हेट होते हे छायाचित्रावरून मोजून प्रतिकृतीत दोन कमी असल्याचे यजमानाला चहाच्या वेळी कळवणारे लोक. भारतीय छांदिष्टांना तर या जमातीचा विशेष जाच होऊ शकतो: भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, तिचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर, आणि जगभर विकला जाणारा एच-ओ रूळ साडेसोळा मिलिमीटर, तेव्हा भारतीय इंजिनाची कितीही सुबक प्रतिकृती या रुळावर ठेवली तरी ती चालते ती परदेशी पावलांनी. इंग्रजांनी स्वतःची व्यवस्थाही याहून बरी ठेवलेली नाही. त्यांनी डबे छहात्तराव्या भागाचे आणि रूळ सत्त्याऐंशीव्या भागाचे असा संसार थाटला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला.

हिवाळ्याचा परिणाम रुळांवरही होतो, आणि येथे संभाषण प्रथमच शास्त्रीय पातळीवर जाते. हे रूळ निकेल-सिल्व्हरचे, म्हणजे मराठी घरांत जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांबे-जस्त-निकेलच्या मिश्रधातूचे असतात, आणि तापमान वीस सेल्सिअसने वाढले तर असा दहा मीटरचा रूळ सुमारे तीन मिलिमीटर लांबतो. थंड गॅरेजमध्ये जानेवारीत रुळांची टोके एकमेकांना चिकटवून केलेले काम म्हणूनच जुलैत सापासारखे वळते. परंतु तापमान स्थिर राहणाऱ्या तळघरात खरा अपराधी धातू नसून लाकूड असते: भट्टीची कोरडी हवा लाकडातील ओल शोषून घेते, फळी आडव्या अंगाने आक्रसते, उन्हाळ्याच्या दमट हवेत ती पुन्हा फुगते, आणि या श्वासोच्छ्वासात वरचे रूळ ओढले-दाबले जातात. यावर उपाय म्हणून एकाच खोलीत हिवाळ्यात हवा ओली करणारे आणि उन्हाळ्यात ती कोरडी करणारे अशी दोन यंत्रे ठेवली जातात. पुण्यामुंबईच्या छांदिष्टाला यांतले दुसरे यंत्र लागते, तेही जूनपासून. पण पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केलेले चिमुकल्या रेल्वेचे संग्रहालय पाहता, हिवाळ्याची रजा न मिळताही हे काम तडीस जाऊ शकते असे दिसते, आणि वरील सिद्धांताच्या दृष्टीने ही बाब कॅलिफोर्नियापेक्षाही अडचणीची आहे.

कोरड्या हवेचा आणखी एक परिणाम म्हणजे स्थिर विद्युत. गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाने इंजिनाला बोट लावताच ठिणगी उडते, आणि इंजिनाच्या पोटातील डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे अंकीय आदेश ओळखून फक्त आपल्या क्रमांकाचा आदेश पाळणारी नखाएवढी पाटी, क्वचित त्या एका स्पर्शाने निवृत्त होते. याच विद्युतचा सदुपयोग मात्र गवत लावताना होतो: नायलॉनचे बारीक तंतू विद्युतभारित चाळणीतून ओल्या गोंदावर सोडले की ते उभे राहतात, आणि कोरड्या जानेवारीत ते विशेष ताठ उभे राहतात, त्यामुळे बाहेरची हिरवळ बर्फाखाली मेलेली असताना आतली जोमाने येते.

हत्यारांचा भाग सुरू झाला की थंडी विसरली जाते. बारीक चिमटे, पक्कड, कानशी, रूळ कापण्याची कात्री, सोल्डरिंगची लेखणी, कपाळावर बांधायचे भिंग, दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेले आकडे, घरातून परस्पर हललेली पिठाची चाळणी आणि हेअर ड्रायर, हे सर्व या व्यवसायाचे मान्य साहित्य आहे. प्रत्येक हत्यार एखाद्या कामासाठी घेतले जाते असा समज चुकीचा असून पुष्कळदा हत्यार आधी येते आणि त्याला शोभेल असे काम नंतर शोधले जाते. शिवाय हत्यारे ठेवण्यासाठी फळा हवा, फळा करण्यासाठी नवी करवत हवी, आणि या क्रमात संपूर्ण हिवाळा गाडी न चालवता सुखाने जातो. डबे जोडणाऱ्या कपलरमधील स्प्रिंग मिरीच्या दाण्याहून लहान असते, चिमट्यातून सुटताच ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते, आणि अनुभवी मंडळी म्हणून हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतात. सर्वांत उपयुक्त हत्यार मात्र विकत मिळत नाही. अमेरिकेत वाफेच्या इंजिनांचा प्रकार पुढची, मधली आणि मागची चाके मोजून तीन अंकांत सांगतात. त्याच धर्तीवर घसरलेला डबा उचलून रुळावर ठेवणाऱ्या यंत्राला हे लोक गंभीर चेहऱ्याने ‘शून्य-पाच-शून्य’ म्हणतात, म्हणजे मानवी हात.

रूळ कशाने पुसावेत या प्रश्नावर मात्र विनोद चालत नाही. रूळ मळले की वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि गाडी बोगद्यात थांबते, कधीही बाहेर नाही. म्हणून एक पंथ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, दुसरा खरखरीत रबराने घासतो, आणि अलीकडे वाढलेला तिसरा पंथ अल्कोहोलमुळेच मळ धरतो असे प्रतिपादून रॉकेलच्या जातीची द्रावणे सुचवतो. या तिघांच्या वादात हाती असलेली कॉफी हमखास थंड होते.

सामानाचेही ऋतू असतात. डोंगर ज्या गुलाबी किंवा निळ्या फोमच्या जाड तक्त्यांतून कोरतात, तो फोम मुळात घराच्या भिंती उबदार ठेवण्यासाठी विकला जातो, त्यामुळे तो थंड राज्यांत कोणत्याही दुकानात मिळतो आणि दक्षिणेकडच्या छांदिष्टाला दोन इंची तक्ता मिळवताना वणवण करावी लागते. उत्तरेत मात्र भिंतीसाठी आणलेला तक्ता पाहता पाहता रॉकी पर्वतात जातो आणि भिंत पुढच्या वर्षाची वाट पाहते. पाण्यात कालवलेले रंग वाटेत गोठून नासतात म्हणून काही दुकानदार हिवाळ्यात ते पाठवत नाहीत, फवाऱ्याने रंगवायचे तर अंगणात पारा परवानगी देत नाही, आणि त्रिमिती मुद्रणयंत्रातील रेझिन थंडीत दाट होऊन अर्धवट स्थानकमास्तर छापते. ज्या ऋतूने रजा दिली तोच कामही अडवतो, आणि त्यामुळे मार्चमध्ये कामाचा हिशेब विचारणाऱ्याला देण्यासाठी दोन्ही बाजूंनी निर्दोष कारण तयार असते.

कामांचा भाग संभाषणात शेवटी येतो आणि सर्वांत लहान असतो, कारण त्यात मुख्यतः भविष्यकाळ वापरला जातो. पूर्ण झालेला लेआउट ही अवस्था या छंदात मानलेली नाही. शेवटचे झाड लावले की पहिले स्थानक चुकीच्या जागी असल्याचे लक्षात येते. नवाकोरा चकचकीत मालडबा विकत घेऊन तो गंज, काजळी आणि धूळ यांच्या रंगांनी तीन संध्याकाळी जुना करायचा, आणि तो जितका भंगार दिसेल तितकी वाहवा मिळवायची, हे काम मात्र वेळेवर होते. जानेवारीच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे प्रचंड रेल्वे-प्रदर्शन भरते, आणि बर्फाच्या वादळातून शेकडो मैल मोटारी हाकत आलेले लोक तेथे चारदोन डॉलर स्वस्त मिळालेल्या खोक्यांचे आणखी काही थर घरी नेतात, जे उघडण्यासाठी पुढचे किती हिवाळे लागतील हा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही.

मार्चच्या शेवटी बर्फ वितळू लागतो, आणि वितळलेले पाणी जमिनीतून झिरपत अर्थातच खोलगट जागी, म्हणजे तळघरात जाते. त्या आठवड्याच्या बैठकीत हवेविषयी दोनच वाक्ये होतात, कामांविषयी एकही होत नाही, आणि उरलेला सर्व वेळ तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप कोणत्या अश्वशक्तीचा घ्यावा, वीज गेल्यास त्याला जोडायची बॅटरी केवढी असावी, आणि पहिल्या थरातील खोकी जमिनीवर ठेवण्याचा सल्ला मुळात कोणी दिला होता, यावर चर्चा चालते.